वर्षभर न वाजलेलं दार

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना 'रात्री जरा कमी जेवत जा' असं कळवावंसं वाटतं. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या छातीवर कोण बसतं... मांजर असेल, पित्त असेल. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका. माझं मलाच ठरवता आलेलं नाही. मुलगी मागे लागली म्हणून लिहायला बसले आहे.

गोष्ट सोलापूरची, सत्तरच्या दशकातली. दुष्काळाची वर्षं नुकतीच मागे पडली होती. साखर पेठेत एका माडीवर आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. खाली घरमालकांचे माग, दिवसभर खटक-खटक चालू. घरमालकीण नरसम्मा, घरात तेलुगू बोलणारी. सगळा बोळ तिला अक्का म्हणायचा. हे गिरणीत फिटर होते, मी घरी विड्या वळायची. नंदा, आमची एकुलती एक, नुकतीच पहिलीत बसली होती.

जिन्याच्या तोंडाशी आमचं दार होतं. दोन फळ्यांचं, कसल्यातरी हलक्या लाकडाचं. ते दार म्हणजे रडकं पोर. धुराने, धुळीने, पावसाच्या ओलीने, कशानेही कुरकुरायला लागायचं, आणि कुरकुर अशी की खाली मागावरची माणसं माना वर करून बघायची. दर अमावास्येला अक्काकडे माग बंद ठेवून पुसायचे, नारळ फोडायचे. हेही त्याच दिवशी घरातलं लोखंड तेल द्यायला काढायचे. कुलूप, कडी-कोयंडा, बिजागऱ्या, सगळं. लांब चोचीचा ऑइलकॅन, कोंबडीचं एक पीस आणि गिरणीतलं पातळ तेल. त्या तेलाला एक उग्र वास असायचा, बाजारातल्या तेलाला तो येत नाही. पिसाने बिजागरीत तेल सोडायचं, दार हलवायचं, कान लावून ऐकायचं. सगळं झालं की तेलाचं बोट पुसायचं ते चौकटीला. आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर काळ्या बोटांची ओळच लागली होती. मी ओरडायची, "अहो, हातात चिंधी दिलीय ना?" तर म्हणायचे, "चौकटीलापण जरा मिळू दे की तेल."

एकदा वैरागला लग्नाला गेलो आणि अमावास्या चुकली, तर पुढची यायच्या आत दाराने बोळ डोक्यावर घेतला होता. तेव्हा त्या दाराला तेल किती दिवस पुरायचं, हे मला चांगलं माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात हे गेले. सकाळपाळीहून आले, तांब्याभर पाणी प्याले, छातीत कळ आली म्हणाले आणि आडवे झाले. रिक्षा बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी रडले नाही. बायका मला हलवत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो" म्हणत होत्या. मला एवढंच वाटत होतं की स्टोव्हवरचा भात लागेल. पुढेही तसंच. विड्या वळत होते, नंदाची वेणी घालत होते, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. जेवण बेचव लागायचं असंही नाही. ते लागायचंच नाही.

तेराव्यानंतर जेऊरला परत जायच्या आधी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला समोर बसवलं.

"कमल, बाईमाणूस एकटं कसं ऱ्हाणार हितं? पोरीला घे अन् गावाकडं चल."

थोरल्या जावेच्या पोरी शाळा सोडून शेरडांमागे हिंडत होत्या, ते मी बघितलं होतं. नंदाचंही तेच झालं असतं. मी म्हटलं, "मामंजी, मी विड्या वळते. भागेल आमचं. नंदाची शाळा हितंच होऊ द्या."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "ह्ये दार बगितलंस? ह्याला गडी लागतो. ह्ये वाजाय लागलं की समद्या बोळाला कळतंय, घरात गडी न्हाय म्हणून. मी वर्षश्राद्धाला येतो. दार वाजलं तर मुकाट्यानं गाठोडं बांदायचं. न्हाय वाजलं तर ऱ्हा."

यांची दाराची किल्ली आणि दोन सदरे घेऊन ते गेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, घालायचं तेल. मलाही कळत होतं. ऑइलकॅन दारावरच्या फळीवर होता, यांनी ठेवला तसाच. पण हात तिकडे जाईना. अक्का वाटीत खोबरेल घेऊन आली, तर तिलाही नको म्हटलं. पोरीची शाळा त्या दाराला टांगलेली आहे हे दिसत होतं आणि तरी हात उठत नव्हता. मी सरळ दार वाजायची वाट बघत बसले होते.

दार वाजलं नाही.

आषाढ आला. पाऊस बरा झाला, बोळातली सगळी दारं फुगली, कुरकुरली. आमचं गप्प. कडी बोटाने सरकायची. मग एका अमावास्येला दुपारी केर काढताना चौकटीकडे लक्ष गेलं. जुन्या काळ्या बोटांच्या शेजारी एक नवं बोट होतं. हात लावला तर ओलं.

मी घाबरायला हवं होतं. मी पदराने माझं बोट पुसलं, केर भरला आणि पाणी भरायला गेले. तेव्हा मी कशी होते हे तुम्हाला यावरून कळेल.

संध्याकाळी अक्काला विचारलं, "तुम्ही तेल घातलंत का दाराला?"

"मी? नाही अम्मा. तूच घालतेस, असं मी बोळात सगळ्यांना सांगितलं की. हुशार झाली पोरगी म्हटलं." ती खोटं बोलणारी बाई नव्हती. बोलायचं असतं तर तिने श्रेय घेतलं असतं.

मग मी एक केलं. पोळ्याच्या अमावास्येला दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि नंदाला घेऊन बहिणीकडे श्रीपूरला गेले. तिचे मालक तिथे साखर कारखान्यात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. कुलपाने किल्ली लोण्यासारखी घेतली. दार उघडलं, आवाज नाही, आणि जिन्यात तोच गिरणीतल्या तेलाचा वास. चौकटीवर ओलं बोट. फळीवरच्या ऑइलकॅनवर मात्र धुळीचा थर, त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

नंदा नाक वर करून उभी राहिली. "आई, बाबा येऊन गेले?"

"पाय धू आधी," मी म्हटलं.

दुसरी किल्ली जेऊरला होती, पण मामंजी कशाला येतील चोरून? त्यांना तर आम्हाला न्यायचं होतं. पुढे मी विचार करणं सोडून दिलं. दर अमावास्येला बोट उमटायचं. मी बघायची आणि कामाला लागायची. आधार वाटला, भीती वाटली, असं काही लिहायला मला आवडलं असतं. खोटं कशाला लिहू?

वर्षश्राद्धाच्या सकाळी मामंजी आले. आदल्याच दिवशी अमावास्या झाली होती. ते आत आलेच नाहीत. चपला काढल्या आणि दाराची फळी धरून हलवली. परत हलवली. दुसरी हलवली. मग वाकून बिजागरी बघितली.

"तेल कोण घालतंय?"

"मी नाही, मामंजी."

"खरं बोल."

"खरंच सांगते. मी हातसुद्धा लावलेला नाही."

त्यांना ती चौकटीवरची ओळ दिसली. शेवटचं बोट अजून चकाकत होतं. त्यांनी त्यावर आपलं बोट टेकवलं, नाकाशी नेलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. कुणी उंबऱ्यावर बसलेलं त्यांना कधी चालायचं नाही.

"ल्हानपणापासनं खोड हाय त्याची," ते म्हणाले. "गाडीच्या चाकाला वंगण घातलं की बोट दाराला. लई मारलाय मी त्याला त्यापायी."

त्यांचे खांदे गदगदत होते. मी पाणी आणून ठेवलं. उठताना त्यांनी खिशातून यांची किल्ली काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"तू ऱ्हा बाई," ते म्हणाले. "घरात गडी हाय."

नंदा सोलापुरातच शिकली. मामंजींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पण एवढ्यावर संपलं नाही. पुढची अमावास्या आली आणि गेली. चौकटीवर बोट उमटलं नाही. मी दोनदा पदराने पुसून बघितलं, सगळी बोटं सुकलेली. मग एका सकाळी कळशी घेऊन निघाले, दार ओढलं आणि ते वाजलं. चांगलं लांबलचक, खालपर्यंत ऐकू जाईल असं.

मी कळशी खाली ठेवली. दार लावलं, उघडलं. वाजलं. परत उघडलं. आणि मग मला जे रडू फुटलं... वर्षभराचं सगळं. अक्का माग सोडून वर धावत आली, मला पोटाशी धरून विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मला एवढंच सांगता येत होतं, "दार वाजलं, अक्का. गेले हे. दार वाजलं."

त्या संध्याकाळी मी फळीवरून ऑइलकॅन काढला. आत थेंब नव्हता. चोचीत कोळ्याचं जाळं होतं. अक्काच्या मुलाकडून मागाचं तेल मागून आणलं आणि दाराला मी स्वतः घातलं.

यांच्याबरोबर काम करणारे एक फिटर पुढे म्हणाले, चांगलं तेल वर्षभर टिकतं, वहिनी. टिकत असेल. मग ओलं बोट कुणाचं, आणि मामंजींनी हात लावल्यावर पुढच्याच महिन्यापासून ते बंद का झालं, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. शोधायचंही मी सोडून दिलं आहे.

ती माडी पाडली तेव्हा नंदाने अक्काच्या मुलाकडून ते दार मागून घेतलं. आता ते आमच्या घराच्या मागच्या बाजूला आहे. अमावास्येला मी सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालते, त्या दाराची वरची एक सोडून. ती वाजते. नंदा चिडते, "आई, तेवढीच का ठेवतेस?" ती बिजागरी वाजली की मला कळतं, हे आता निवांत आहेत.