कारंज्याची किल्ली

माझ्या बायकोच्या मामांना स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं कुणी सांगितलं तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. मामा मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि ते आम्हा नातेवाइकांच्या वाट्याला आले. चहा ते उभ्याने पितात, जेवता जेवता उठून घरासमोरच्या तलावावर चक्कर मारून येतात, आणि लग्नात अक्षता टाकताना शेजारच्याला रोहू आणि कटल्यातला फरक समजावतात. घोडबंदर रोडला त्यांच्या भाच्याची वास्तुशांत होती. तिथल्या काचेच्या टाकीतला सकर मासा फार वाढला होता. "तलावात सोडतो मामा, तेवढंच पुण्य," भाचा म्हणाला. झालं! "तो तिथल्या माशांची अंडी फस्त करणार आणि पुण्य तुला? वा रे वा!" म्हणत मामांनी होम चालू असतानाच दुकानात फोन लावून मोठी टाकी मागवली. पैसे भाच्याने भरले.

माझ्या मेव्हण्याच्या सासुरवाडीला तर त्यांनी एकदा उपाशीच ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालायला ओढ्यातून शेतात चढतात, ते वळगणीचे मासे मेव्हण्याने बादलीभर आणलेले. सासूबाईंचं वाटण तयार, आणि बादली गायब. मामा ती घेऊन तरातरा ओढ्याकडे निघालेले.

"ओ मामा, आम्ही जेवायचं काय?" मेव्हणा मागून ओरडला.

"वरण! अरे, भरल्या पोटाच्या आहेत सगळ्या. बाळंतपणाला आलेल्यांना कुणी कढईत घालतं का?"

ते वाटण शेवटी वरणात गेलं. वाईट लागलं नाही.

गेल्या वर्षी मात्र हसू आलं नाही. आभाळ दाटलेलं, वारा पडलेला, तलावाचं पाणी शेवाळाने हिरवंगार. सकाळी सकाळी मामांचा फोन आला, "जावईबापू, लवकर या!" कल्याणातच चार गल्ल्यांवर राहतो, तसाच गेलो. शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि काठावर लोक कौतुकाने पाव टाकत होते. "अहो, भूक नाही त्यांना, पाण्यात हवा उरली नाही! गुदमरतायत ते!" मामा एकेकाच्या हातातला पाव हिसकावत धावत होते.

मधोमध नवं कोरं कारंजं होतं. ते सुरू केलं तर पाण्यात हवा मिसळणार होती. पण संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं, आणि किल्ली तलाव समितीच्या अध्यक्षांच्या, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्यांच्या, खिशात.

"मामा, साहेब येऊन बटण दाबणार ना," भाऊ अजिजीने म्हणाले. "त्याच्या आधी चालू केला तं मला काय बोलतील?"

"मग साहेबांना मेलेल्या माशांना हार घालायला बोलवा!" मामांचा आवाज फाटला. त्यांनी भाऊंपुढे चक्क हात जोडले. मामांनी आजवर कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. भाऊंनीही नसावेत, कारण त्यांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली.

कारंजं उसळलं. मासे त्याच्या तुषारांखाली गोळा झाले, आणि बऱ्याच वेळाने एकेक तोंड पाण्याखाली जाऊ लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. मामा मात्र गुडघाभर पाण्यात उतरून एक भलामोठा कटला उचलत होते. तो गेला होता.

"मोठ्यांना हवा जास्त लागते, ते आधी जातात," ते म्हणाले. "बोटुकली होता तेव्हा मीच सोडला होता याला." बोटाएवढं पिल्लू असतं त्याला बोटुकली म्हणतात, एवढं आता मलाही कळतं. इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा केली, पण त्या क्षणी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

भाऊ शेजारी येऊन उभे राहिले. "मामा, संध्याकाळी फीत तुम्हीच कापा."

"फीत कुणीही कापा हो," मामा त्या माशावरून हात फिरवत म्हणाले. "फक्त बटण दाबायला मिळावं म्हणून कारंजं मध्ये बंद करू नका."