विषयातली नोकरी

माझ्या मावसभावाइतका रागीट माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात झाला नसेल, आणि इतक्या हक्काने रागावणाराही नसेल. तो प्राणिशास्त्राचा एम.एस्सी., तोही पहिल्या वर्गातला. कोळी हा त्याच्या अभ्यासाचा किडा, असं आपण नुसतं म्हणायची खोटी, तो अंगावर यायचा. "कोळी किडा नसते! आठ पाय असते त्याले!" दिवाळीआधी मावशी झाडू घेऊन जाळी काढायला निघाली की हा चौकटीत आडवा. शेवटी मावशीच म्हणायची, "नोकरी लागू दे बाप्पा याले, मंग घर झाडतो मी."

नोकरी काही लागत नव्हती. कॉलेजात जागा निघायच्या त्या तासांवर पैसे देणाऱ्या, परीक्षा आल्या की संपणाऱ्या. तोवर त्याच्या गावच्या, शिरपूरच्या लोकांनी त्याला परस्पर जनावरांचा डॉक्टर करून टाकलं होतं. दारात कुणी आजारी बकरी आणली की हा गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडे, "मी डाक्टर नाई! कितीदा सांगू?" आणि ओरडत ओरडतच बकरीचं तोंड उघडून बघे. मग मालकाला मागे, बकरीला मधे बसवून मोटरसायकलने दवाखान्यात नेऊन सोडे. घरी आल्यावर पुन्हा नव्याने संतापे.

पण त्याचा खरा राग सल्ल्यांवर. मोबाइलचं दुकान टाक, विमा विक, रसवंती लाव. इंझोरीला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले नात्यातले काका म्हणाले, "कोंबड्या काहून पाळत नाई? तुया विषयातल्याच त हायेत."

"काका, तुमचा पोरगा डोयाचा डाक्टर हाय ना? मंग त्याले बाजारात गॉगल विकाले बसवा. त्याच्या विषयातलेच त हायेत!" म्हणत हा भरल्या ताटावरून उठला. मांडवात सगळे त्याला उद्धट म्हणाले. मला मात्र त्या दिवशी जिलबी जास्तच गोड लागली.

एकदा वाशीमला पदवीधरांसाठी मार्गदर्शन होतं. मीच त्याला ओढून नेलं. कोटातले वक्ते सांगत होते, नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. हा उभा राहिला.

"सर, तुमी काय शिकले?"

"एम.एस्सी."

"कायच्यात?"

"प्राणिशास्त्रात."

"मंग तुमाले विषयात नोकरी काहून नाई भेटली?"

सभागृहात शिट्ट्या वाजल्या. वक्त्यांनी माइक बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "नाही भेटली." आता हा त्यांना फाडून खाणार असं मला वाटलं. हा खाली बसला. परतताना बसमध्ये म्हणाला, "त्याले सगळ्याइच्या समोर इचाराले नोको होतं. पण दादा, जागाच नवत्या त आमाले शिकोलं कायले? वर्ग कायले भरवले?"

याचं उत्तर ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांना हे कुणी विचारत नाही, आणि माझं डोकं त्यावरूनच आजही तडकतं.

पुढे तो पुण्याला लागला. घरोघरी औषध फवारायचं. झुरळं, ढेकूण, वाळवी आणि कोळी मारायचे. फोनवर हसत म्हणाला, "शेवटी विषयातच लागली." मावशीने पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा माझ्याच्याने तोंडात घालवेना.

यंदाच्या दिवाळीत चार दिवस आला. कुणावर आवाज चढवला नाही. "शायना झाला पोरगा," मावशी समाधानाने म्हणाली. जऊळक्याच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो. गाडी आली. तो चढला, दारात उभा राहिला. मला राहवेना. मुद्दाम, अगदी त्याला डिवचायलाच म्हणालो, "तिकडं एखादं चहाचं दुकान काहून नाई टाकत बे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत थांबलो.

"पायतो ना, दादा," तो हसून म्हणाला, आणि आत जाऊन बसला.