बाणावरची अक्षरं

माझं रक्त आटवण्याचं काम आयुष्यात अनेकांनी केलं. पण सांगलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आमच्या जुळारीमामांनी ते जितकं मन लावून केलं, तितकं कुणीच केलं नाही. लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याला गणित शिकवत होतो आणि माझं पहिलंवहिलं पुस्तक जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मुलांच्या हातात पडायला हवं होतं. पुस्तकात मी एक नवी युक्ती काढली होती. सहा लिहायचे, पुढे बाण, बाणावर ‘दुप्पट’, मग बारा, पुन्हा बाण, त्यावर ‘अधिक पाच’, शेवटी सतरा. हाताने लिहायला हे दोन मिनिटांचं काम. मामांच्या हाती ते गेलं आणि दिवसच्या दिवस जाऊ लागले.

छापखान्यात बाणाचा खिळा नव्हता. मामांनी पितळी पट्टी कानशीने घासून बाण स्वतः घडवले आणि मग ते दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. बाणावरचं बारीक अक्षर बरोबर मध्यावर बसावं म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून ते दोन्ही बाजूंना ठासत. अक्षर केसभर सरकलं की अख्खी ओळ मोडून पुन्हा जुळवायची. वर प्रत्येक बाणाचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागे. “आवं मास्तर, ह्यो कुठं निघालाय ते कळल्याबिगर त्याच्या डोक्यावर वझं कसं ठिवू?” मी सर्व्हिस मोटारीत हाडं खिळखिळी करून सांगली गाठावी, तर आठवड्यात दीड पान झालेलं असे.

मे संपत आला आणि मामा एका ओळीवर अडून बसले. त्या ओळीत सतरापासून उलट सहाकडे यायचं होतं. मी घाईत लिहिलं होतं : आधी ‘निम्मे’, मग ‘वजा पाच’.

“हे बराबर न्हाई मास्तर,” मामा म्हणाले. “मी आदी खिळं जुळवतो, मंग पानाला दोरी बांधतो. सोडताना आदी दोरी सुटती, मंग खिळं. तुमी दोरीच्या आदी खिळं काढाय निघालाय.”

मी भडकलो. “तुम्ही दोरी सांभाळा, गणित मी बघतो. लिहिलंय तसं जुळवा.”

लिहिलं होतं तसं मामांनी जुळवलं, आणि अक्षरं नेहमीसारखी बरोबर मध्यावर बसवली.

जूनमध्ये भर वर्गात मी तेच उदाहरण फळ्यावर घेतलं. सतराचे निम्मे साडेआठ, वजा पाच, साडेतीन. सहापासून निघालेले आम्ही साडेतीनवर उतरलो. मला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

शुद्धिपत्रक छापून घ्यायला मान खाली घालून सांगलीला गेलो. मामांनी फळीवरून दोरीने बांधलेली एक ओळ काढून समोर ठेवली. आधी ‘वजा पाच’, मग ‘निम्मे’. “तवाच जुळवून ठिवली व्हती,” ते म्हणाले. “म्हनलं, लागंल कवातरी.” चेहऱ्यावर जिंकल्याची खूणसुद्धा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माफी मागायची राहूनच गेली.

पुढे मामांची नजर अधू झाली आणि ते रहिमतपूरला लेकीकडे राहायला गेले. दुसऱ्या आवृत्तीचं काम नव्या जुळाऱ्याकडे आहे. चलाख माणूस, सोमवारी दिलेलं गुरुवारी हातात देतो, एक शब्द विचारत नाही. मी लिहीन ते छापून येतं. प्रुफं घेऊन बसलो की मला हल्ली फार भीती वाटते.