बेतवेवरची हरवलेली वही

झाशीच्या ठाण्यातली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक तेवढं वेगळं राहिलं.

बेतवा नदीवर वीजनिर्मितीचा प्रकल्प होऊ शकेल का, हे तपासण्यासाठी सरकारने वर्षभराच्या पाहणीचा खर्च मंजूर केला होता. नदीकाठच्या खोलीत एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर. रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहायची आणि दर सोमवारी अभियंत्याची सही घ्यायची, एवढंच त्यांचं काम. वर्ष पुरं व्हायला आठ दिवस उरले असताना ती वही नाहीशी झाली. वहीवाचून अहवाल होणार नव्हता. पाहणी पुन्हा करायची, तर सरकारला आणखी वर्षभराचा खर्च द्यावा लागला असता.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. तक्रार नोंदवली त्याच दुपारी खबर आली, की तिथल्या चौकीदाराने लक्ष्मी गेटपाशी रद्दी विकली. त्याला ताब्यात घेतलं. दोन दिवस तो एकच सांगत होता, "दरोगाजी, पुराने अखबार थे. बाबूजी ने ही दिए थे." रद्दीवाल्याची पोती उलटी केली. वर्तमानपत्रंच निघाली.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच नदीवर गेलो. मीही मराठी घरातला; माझ्या तोंडून मराठी ऐकताच म्हाताऱ्यांनी स्टोव्ह पेटवला.

"बसा हो. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. मुलगा दोन वर्षांतून एकदा येतो, तोही हिंदीतच बोलतो."

ज्याचं काही चोरीला जातं, तो पोलिसाला पाहताच आधी त्या वस्तूची चौकशी करतो. यांनी वहीबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते एवढंच, "मग नवी पाहणी कधीपासून म्हणतात?"

मी जबाबाचा कागद बाजूला ठेवला. "काका, चौकीदार कोठडीत आहे. त्याची बायको दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून आहे."

"त्याला धरलंत?" त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "मला कुणी सांगितलंच नाही. वाटलं, गावी गेला असेल."

ते उठले. पिठाच्या डब्यात हात घालून वही काढली आणि झटकून माझ्यापुढे ठेवली.

"पाहणी संपली की इथे कोण येणार? सोमवारी साहेब येतात, पाच मिनिटं बोलतात. वाटलं, आणखी एक वर्ष मिळेल."

पंचनामा केला. चौकीदाराची मी माफी मागितली. तो बायकोबरोबर निघून गेला. पाहणी करणाऱ्या खात्याने प्रकरण वाढवलं नाही, पण काकांना कामावरून काढलं. जाताना ते म्हणाले, "खंडेराव गेटजवळ भाच्याकडे असेन. या कधीतरी."

"येतो," मी म्हणालो.

कबुली मिळाली की पोलिसाचं काम संपतं, असं मी तेव्हा मानत होतो. ठाण्यापासून खंडेराव गेट पायी दहा मिनिटांवर. दोन वर्षांनी माझी बदली झाली, तोवर मी एकदाही गेलो नाही. कामं होती, हे खरं. वडील वारल्यानंतर माझ्या घरातही मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं, जायची गरज मलाही होती, हेही तितकंच खरं.