काळी वायर धरा, सर

उस्तादांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. औरंगाबादेत जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत गाड्यांचे टेप आणि स्पीकर दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि तिच्या दारात वाळूच्या दोन बादल्या. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं. "एक कमी पडली तं?" उस्ताद म्हणाले. गल्लीतले डेंटर-पेंटर त्यांना 'डरपोक उस्ताद' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि उस्ताद त्या नावाला निमूट ओ द्यायचे.

मूळचे ते कन्नडकडच्या पिशोरचे. घरी शेती होती, पण विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायची भीती वाटायची, म्हणून वायरिंग शिकले, असं स्वतःच सांगायचे. "ज्याचं भ्या वाटतं त्याची माहिती पाह्यजे, सर." मला हे उलटं वाटायचं. माहिती झाली की भीती जाते, असं मी शाळेत मुलांना शिकवत होतो. मी विज्ञानाचा मास्तर. उस्तादांची मात्र माहिती वाढत गेली तशी भीतीही वाढत गेली होती.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती आणि तिच्यापायी अर्धी गिऱ्हाइकं वैतागायची. गाडीतला नको तो आवाज ऐकून झाला की ते आधी बॅटरीची काळी वायर सोडवायचे आणि मालकाच्या हातात द्यायचे. काम संपेपर्यंत मालकानं ती धरून उभं राहायचं. चिंधी गुंडाळून बाजूला सारली तर काय बिघडतं, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "चिंधीला काय माहीत मी आत हाय ते?" मी त्या गल्लीत डॉक्टर पाहिलेत, ठेकेदार पाहिलेत, एकदा तर वर्दीतले फौजदारसाहेब पाहिले, सगळे बाजारात म्हैस धरून उभं राहावं तसे काळी वायर धरून उभे. डॅशबोर्डखालून उस्तादांचे फक्त पाय दिसायचे, आणि मधूनमधून आवाज यायचा, "धरली ना, सर?"

माझी त्यांची ओळख व्हॅनमुळे झाली. आम्ही सहा मास्तर औरंगाबादेहून कन्नडजवळच्या एका शाळेत रोज अप-डाउन करायचो, आणि व्हॅन माझी होती. टेपमध्ये 'कुईं' असा बारीक आवाज यायला लागला. ॲक्सिलेटर दाबला की तोही चढायचा. वेरूळच्या चढाला तर गाणं खाली आणि कुईं वर. उस्ताद मागच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि मला म्हणाले, "दाबा. सोडा. परत दाबा." मग त्यांनी एकेक तार काढायला घेतली. आधी एरियल, मग एक स्पीकर, मग दुसरा. "घरातलं एकेक मानूस भायेर काढायचं. रडनं थांबलं की समजायचं कोन रडत व्हतं."

रडत होती ती टेपची अर्थिंगची वायर. बसवणाऱ्यानं ती रंगावरच आवळली होती. उस्तादांनी पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवडला आणि ती तिथं घट्ट बसवली. स्पीकरच्या तारा करंटच्या वायरीला चिकटून गेल्या होत्या, त्या उचलून गाडीच्या दुसऱ्या अंगानं नेल्या. "एका बांधावर दोन भाऊबंद. भांडनार नाय तं काय?" हे सगळं व्हायला दोन तास लागले. मी काळी वायर धरून अवघडलो होतो. चिडून म्हणालो, "उस्ताद, दुसरीकडं दहा मिनिटांत आवाज बंद करून देतात." ते शांतपणे म्हणाले, "बंद करनं लई सोपं हाय, सर. कामून येतो ते कळलं पाह्यजे. गाडीला तोंड नाय. तिला आवाजच काढता येतो."

इतक्या भित्र्या माणसामागं काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांनाच वाटायचं. कोणी म्हणे त्यांना जबर शॉक बसला होता. कोणी म्हणे त्यांनी वायरिंग केलेली जीप घाटात जळाली. गल्लीच्या टोकाचा डेंटर तर शपथेवर सांगायचा, "सर, इनके हाथ से एक आदमी गया है." मला राहवेना. एकदा चहा पिताना सरळच विचारलं, "उस्ताद, काय झालं होतं?" त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "कुठं काय? काय नाय झालं. आजवर काय झालं नाय म्हनून तं भ्यायचं, सर." मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली आणि आम्ही सहाही जण पोट धरून हसलो.

पुढच्या दिवाळीनंतर मी व्हॅन गॅसवर घेतली. तेव्हा निम्म्या व्हॅन घरगुती सिलिंडरवर पळायच्या. मागच्या सीटच्या पाठीमागं सिलिंडर, त्याच्यावर जुनी सतरंजी, की झालं. उस्तादांना कळवलं नाही. कळलं असतं तर ते गल्ली सोडून पळाले असते. त्याच सुमारास आमच्यातल्या एका मास्तरांच्या हौसेखातर मागं स्पीकरचा मोठा डबाही बसवला. बसवणाऱ्यानं त्याची करंटची वायर सीटखालून नेली. महिन्याभरात तिचा फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा आम्ही हतनूरजवळ रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि प्रार्थनेची वेळ होत आली होती. त्याच मास्तरांनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून दिली आणि मी ती दुमडून फ्यूजच्या जागी खोचली. गाणं सुरू झालं. नववीला फ्यूजचा धडा मीच शिकवायचो, हे इथं सांगितलेलं बरं.

त्यानंतर स्पीकरमध्ये 'कर्रर्र' असं व्हायला लागलं. कुईंसारखं ते इंजिनाबरोबर चढत नव्हतं. रस्ता खराब लागला, मागची सीट भरलेली असली, की मध्येच कर्रर्र, की परत गाणं. दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, उस्तादांचे दोन तास परवडणारे नव्हते. मोठ्या रस्त्यावर काचेचं एक नवं दुकान निघालं होतं. तिथल्या माणसानं टेपच्या मागं एक काळी डबी बसवली, म्हणाला फिल्टर आहे, आणि कर्रर्र गेलं. अर्धा तासही लागला नाही. काळी वायर कोणी धरायला सांगितली नाही. उलट थंड पाणी दिलं.

आठवड्याभरानं, शुक्रवारी मी रजेवर होतो आणि दुपारी मुलीला तिच्या शाळेतून घेऊन मोंढ्याकडून चाललो होतो. ती पहिलीत होती. मागच्या सीटवर बसून बोरं खात होती. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा, आणि बाबांच्या शाळेत यायचं म्हणून तिनं आठवडाभर हट्ट धरला होता. मला उस्तादांना चिडवायची लहर आली. गल्लीत शिरलो, टेप मोठा केला आणि त्यांच्या दारात गाडी उभी केली. "बघा उस्ताद, करकर होती, अर्ध्या तासात गेली."

"कुठं गेली?" उस्तादांनी विचारलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. "बंद करा. किल्ली काढा," म्हणाले. मग फ्यूजचं झाकण उघडलं आणि चांदीची घडी चिमटीत धरून बराच वेळ पाहत राहिले. मी काहीतरी विनोद करणार, तेवढ्यात त्यांनी नाक वर करून हुंगलं. मीही हुंगलं. तो वास मला रोजचा झाला होता, गॅसची गाडी म्हटल्यावर थोडा यायचाच. "गॅस हाय का, सर?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला फक्त ओठ दिसले. मी मान हलवली.

आता हा माणूस पळणार, असं मला वाटलं. उस्तादांनी मागचं दार सरकवलं, मुलीला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, खिशातली लिमलेटची गोळी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ते टोकाला डेंटरकाका बसलेत ना, तिथवर पळत जा बरं, माय." ती पळाली. तिच्या पाठीवर दप्तर उडत होतं. मला तेव्हा कुठं भीती वाटली. पाय आपोआप मागं जायला लागले. पळायला निघालो होतो तो मी, ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

उस्तादांनी सिलिंडरचा कॉक बंद केला, सगळी दारं सताड उघडली, गल्लीतल्या विड्या विझवायला लावल्या आणि व्हॅन हातानं ढकलत मोकळ्यावर नेली. बॅटरीला लगेच हात लावू दिला नाही. "वास जाऊ द्या." वास जाईपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो. मग त्यांनी पुढची सीट उचलून बॅटरीची वायर सोडवली. "काळी वायर धरा, सर." मी दारात उभा राहून दोन्ही हातांनी धरली. ते मागं शिरले आणि सीट उचलायला लागले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. तरी हात नेमके जिथं जायचे तिथंच जात होते. एकदा म्हणाले, "धरली ना, सर?" मी मूठ आणखी आवळली.

वायर सीटच्या पायाखाली सापडली होती. वरचं प्लास्टिक चिरडून तांबं उघडं पडलं होतं आणि चार बोटं लांबीचा पत्रा काळा झाला होता. सीटवर वजन आलं, गाडी आदळली, की तिथं ठिणगी पडायची. कर्रर्र होत होतं ते ठिणगीचं. तिथून गॅसची नळी दोन बोटांवर होती, आणि नळीचा जोड ओला, म्हणजे गॅस तिथूनच झिरपत होता. गाडी दोनदा ओरडली होती. एकदा मी तिच्या तोंडात चांदी कोंबली, दुसऱ्यांदा काळी डबी. आणि ज्या सीटखाली हे चाललं होतं तिच्यावर बोरांच्या बिया सांडल्या होत्या.

"सोडा आता वायर," उस्ताद म्हणाले. माझी मूठ उघडेना. त्यांनी माझं एकेक बोट धरून सरळ केलं.

डेंटरनं लांबून ओरडून विचारलं, "क्या हुआ, उस्ताद?"

"काय नाय झालं," उस्ताद म्हणाले आणि दुकानाच्या दारात येऊन बादलीच्या कडेवर बसले. चहा आला, पण बशी त्यांच्या हातात राहीना, अर्धा चहा वाळूत सांडला. मग ते मला एवढंच म्हणाले, "तुमी भ्याले नाय, सर. भ्याले असते तं आधीच आले असते."

त्या संध्याकाळी मी सिलिंडर काढून टाकला. पुढं जी गाडी घेतली ती आधी उस्तादांच्या दारात नेली, आणि काळी वायर कोणी सांगायच्या आत धरली. नव्या गाड्या आल्या, टेप गेले, टीव्हीसारखे पडदे आले, तसं त्यांचं काम आटलं. "आता गाडी आवाज येऊच देत नाय, सर. मला तं जास्तच भ्या वाटतं," असं म्हणत त्यांनी दुकान बंद केलं आणि पिशोरला गेले.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मला वेळानं कळलं. मुलगी म्हणाली मी नेते, आणि तिच्या गाडीतून आम्ही गेलो. घराच्या दारात वाळूच्या दोन बादल्या होत्या. त्यांच्या मुलानं घोंगडी अंथरली. "झोपंतच गेले, सर. जलमभर भ्याले, अन् काय झालं नाय त्यायला." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुमच्या गाडीला काय झालं व्हतं? बाबा तुमचं नाव काढायचे, पन सांगितलं कधीच नाय."

मी दारातून बाहेर पाहिलं. मुलगी गाडी वळवून लावत होती. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

परतताना तिनं गाणं लावलं. मी सवयीनं गाण्याच्या मागचं ऐकत होतो. कन्नड जवळ आलं तेव्हा तिला विचारलं, "तुला उस्ताद आठवतात का गं?"

"आठवतात की. लिमलेटची गोळी दिली होती त्यांनी. पळत गेले होते मी." ती समोर बघत हसली. "पण का दिली होती, बाबा? काय झालं होतं तेव्हा?"

"काही नाही झालं," मी म्हणालो.