जेटमधली तार

आमची गाडी जुनी आहे, म्हणजे इतकी जुनी की तिच्यात अजून कार्बोरेटर आहे. पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची हे नव्या गाड्यांत कॉम्प्युटर ठरवतो, आमच्या गाडीत पिंप्राळ्यातले चाचा ठरवतात. चाचांनी साठी केव्हाच ओलांडलीय. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, समोर एक बाक आणि शेजारी रसवंती. ट्यूनिंगला बसले की चाचा रसवंतीवाल्याकडे नुसतं बघतात आणि तो चरकाची घुंगरं बंद करतो. सावद्याचे केळीवाले त्यांच्याकडे जुन्या गाड्या घेऊन येतात, धुळ्याहून येतात, आणि आपापल्या गावात तोंड न मिटणारी ही माणसं त्या बाकावर शाळेतल्यासारखी गप्प बसतात.

बघण्यासारखंच असतं ते. आधी प्लग काढून उन्हात धरायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा असेल तर इंजिन उपाशी आहे, दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरचा बारीक स्क्रू आत घेत जायचा, गाडी अडखळली की थांबायचं, आणि तितक्याच सावकाश बाहेर. मग मागे जाऊन सायलेन्सरसमोर तळहात धरायचा आणि तो हुंगायचा. पुन्हा पुढे, पुन्हा स्क्रू, केसभर. कधी कधी अर्धा तास हेच. मी एरवी सिग्नलला दहा सेकंद थांबताना हॉर्न वाजवणारा माणूस, पण चाचा काम करत असले की मला घड्याळ आठवत नाही. एखाद्याला एखादी गोष्ट इतकी येते, हे बघूनच बरं वाटतं.

शेवटी बाटलीची परीक्षा. टाकीची नळी काढून टाकायची, बॉनेटखाली बरोबर एक लिटरची बाटली बांधायची, आणि एरंडोल रस्त्याला निघायचं. पेट्रोल संपून गाडी बंद पडेल तिथे मीटर बघायचं. आमची गाडी सोळा किलोमीटरवर थांबली. चाचांनी आकडा पाहिला, मान हलवली आणि टाकीची नळी परत जोडायला घेतली.

"अजून थोडं काढा की," मी म्हटलं.

"नाही बेटा. इथून पुढे ती उपाशी चालेल. आपला उन्हाळा माहीत आहे ना? पेट्रोल नुसतं जळत नाही, इंजिन गारही ठेवतं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक महाशय बसतात. त्यांची तसलीच गाडी वीस देते, असं ते रोज चहाला सांगायचे. रोज. माझं डोकं फिरायचं. एकदा त्यांनी गुपितही सांगितलं: कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा भोक असलेला पितळी खिळा असतो, त्या भोकातून पेट्रोल येतं. त्यात वायरमधली तांब्याची एक तार सोडायची. भोक बारीक, पेट्रोल कमी, ॲव्हरेज जास्त. काय अक्कल, असं मी मनात म्हटलं, आणि पुढच्या रविवारी स्वतःच तार सोडली.

गाडी एकोणीसला गेली. मी आठवडाभर ऑफिसात हवेत होतो. गाडी चढाला कुरकुरायची, पिकअप मेला होता, पण एकोणीस म्हणजे एकोणीस. आमच्या घरात कार्बोरेटरला चाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम होता, आणि तो माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा नियम होता. नाना निवृत्त मुख्याध्यापक. तेव्हा नानांना अर्थातच सांगितलं नाही.

मे महिन्यात नानांना घेऊन धुळ्याला बहिणीकडे निघालो. एरंडोल ओलांडलं आणि तापमानाचा काटा चढायला लागला. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला, आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ. एका चहाच्या टपरीजवळ गाडी कशीबशी आणली. नाना सावलीत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चाचांना फोन लाव."

लावला. चाचांनी विचारलं, "काही केलं होतंस का गाडीला?" नाना तीन हातांवर बसले होते. मी म्हटलं, "नाही."

भर दुपारी, तसल्या उन्हात, चाचा तीस किलोमीटर स्कूटरवर आले. डोक्याला पांढरा रुमाल, पायाशी हत्यारांची पिशवी. पाणीसुद्धा न पिता त्यांनी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा पाहिला. रेडिएटरचे पाइप चाचपले. पंप पाहिला, पॉइंट पाहिले, गाडीखाली आडवे होऊन आले. इंजिनावर हात टेकवत होते आणि झटकत होते, पुन्हा टेकवत होते. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. गुन्हा कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी छत्री धरून उभा होतो. याहून निर्लज्ज मी आयुष्यात कधी झालो नसेन.

शेवटी त्यांनी प्लग काढला. पांढराफटक. चाचांनी तो जरा वेळ हातात फिरवला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि जेट खोलला. तार चमकली. तोवर नाना उठून मागे येऊन उभे राहिले होते.

"काय निघालं?"

चाचांनी मूठ मिटली. "कचरा होता, नाना. मागच्या वेळी मीच जेट साफ करताना राहिला असेल. माझी चूक."

चाचांनी जेट लावला, पाणी भरलं, स्क्रू जुळवला. तिथेही, ट्रकांच्या आवाजात, कान देऊन. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. धुळ्याला उशीर झाला म्हणून आम्ही घरीच परत आलो. नाना वाटेत एवढंच म्हणाले, "वय झालं त्यांचं."

तिथे थांबलं असतं तर मी कदाचित हे प्रकरण गिळूनही टाकलं असतं, खोटं कशाला बोलू. पण नाना मुख्याध्यापक. चूक दिसली की ती चारचौघांत सांगायची, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान होत नाही, ही त्यांची जन्माची सवय. दुसऱ्याच आठवड्यात गॅरेजच्या बाकावर बसलेल्या तिघांसमोर त्यांनी सांगितलं, की चाचांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, जेटमध्ये कचरा ठेवतात. चाचा समोरच होते. ते फडक्याला हात पुसत राहिले.

नानांच्या शब्दाला आमच्या भागात वजन आहे. आणि चाचांकडे हाताच्या नावाशिवाय दुसरं होतं काय? कार्बोरेटरच्या गाड्या उरल्यात मूठभर, त्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. त्या तिघांतल्या एकाने गाडी दुसरीकडे नेली. मी जाता-येता शेडकडे बघायचो, बाक रिकामा दिसायचा. रसवंतीची घुंगरं दिवसभर वाजायची, थांबवायला कारणच नव्हतं. रात्री जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

मग एका सकाळी सावद्याच्या एका बागायतदाराचा नानांना फोन आला. दर वर्षी तो गाडी चाचांकडे आणायचा. नाना फोनवर म्हणाले, "आता नका आणू. हात गेला त्यांचा."

मी नानांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. असं मी कधीच केलं नव्हतं. "जेटमध्ये कचरा नव्हता, तार होती, आणि ती मी घातली होती," मी म्हटलं. "चाचांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं." सगळं सांगितलं, ऑफिसातल्या वीसच्या आकड्यापर्यंत सगळं. आवाज चढला होता, जणू चूक नानांचीच होती.

नाना चिडले की पुस्तकी मराठी सोडून खान्देशीत येतात. पण आवाज हळू होता. "माले काय सांगस? जठे मी बोलनू, तठे तू बोल."

जिथे ते बोलले होते, तिथेच आता मी बोलायचं होतं. त्यांनी त्या सावद्याच्या माणसाला पुन्हा फोन लावला आणि गाडी घेऊन यायला सांगितलं. बाकावरच्या तिघांनाही बोलावलं. संध्याकाळी पाचला आम्ही सगळे शेडसमोर उभे होतो. मला वाटलं होतं दोन वाक्यांत उरकेन. चाळिशी उलटलेला माणूस मी, पण आवाज असा निघाला की रसवंतीवाल्याने आपणहून चरक बंद केला. तार कुणी घातली, कशासाठी घातली, फोनवर काय खोटं बोललो, सगळं त्या चौघांसमोर सांगितलं.

मग नाना पुढे झाले आणि त्यांनी चाचांपुढे हात जोडले. माझ्या वडिलांनी कुणापुढे असे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. माझ्यामुळे जोडले. तिथल्या तिथे मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

"नाना, हात खाली घ्या आधी," चाचा म्हणाले. "तुम्हाला खरं वाटलं ते तुम्ही बोललात."

"पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्हा बापलेकांना एकाच गाडीत घरी यायचं होतं. म्हटलं, तासभराचा रस्ता आहे, नीट जाऊ द्या." ते हसले. "पुढे हा सांगेल असं वाटलं होतं. जरा उशीर लावला."

बाकावरचे हसले. मीही हसलो, सुटलो असं वाटून. चाचांनी सावद्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं, प्लगचा पाना हातात घेतला, आणि मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले:

"तार घातलीस त्याचं काही नाही, बेटा. सगळे घालतात. पण उन्हात एवढा वेळ मी शोधत होतो, आणि तुला माहीत होतं."

मी हो म्हणालो.