सरांनी लावलेलं कुंकू

"हे वाचून अमेरिकेतली माणसं नाक दाबतील." सर म्हणाले आणि माझा निबंध दोन बोटांत धरून त्यांनी सगळ्यांना दाखवला. पनवेलात त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण होतो. पाच जण खो खो हसले. सहावी मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर आमच्या कॉलेजात शिकवायचे आणि परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज घरी तपासून द्यायचे. मी खाडीकाठच्या गावातली, मिठागरवाल्यांची पोर. पूर्ण शिष्यवृत्ती देणारं एकच विद्यापीठ मला सापडलं होतं, आणि ते महाखट होतं. अर्जात म्हणे, आजवर तुम्हाला कोणीच न विचारलेला प्रश्न स्वतः तयार करा आणि त्याचं उत्तर लिहा. सोबत प्राध्यापकाचं शिफारसपत्र हवं. ते सरांच्या हातात होतं.

माझा प्रश्न होता, 'लग्न कोण लावतं?' उत्तर, माझी आई. आमच्यात भटजी आला तरी धवलारीण लागतेच. ती धवले गाते, विधी सांगते, हळद तिच्या हातानं सुरू होते. माझी आई धवलारीण, आणि विधवा. शहरातल्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावणार नाही. गावात तिच्यावाचून मांडव अडतो. हेच मी लिहिलं होतं.

"ताजमहालावर लिही," सर म्हणाले. मी लिहिलं. पहिला निबंध त्यांच्या फायलीत सोडून मुकाट लिहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःच्या मुलीचे टाइप केलेले कागद मला तपासायला दिले. माझं स्पेलिंग चांगलं, म्हणून. पहिल्याच ओळीत माझा प्रश्न. खाली माझी आई. फक्त ती आता सरांच्या मुलीची आजी झाली होती आणि तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. चोरी करतानाही या माणसाला विधवेच्या हातची हळद पचली नाही!

"सर, हे माझं आहे."

"विषय काय कोणाच्या बापाचा असतो?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुला शिफारस हवी आहे ना?"

मी घरी आले. आई मासळी साफ करत होती. तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"लग्ना मी लावते, नि मना कुकू लावनारा तो कोन? आमी काय चोरी केली हाय? जा, कागद घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी गेले. सगळी मुलं बसली होती.

"माझा निबंध द्या. तुमचं पत्र नको."

"पत्राशिवाय तुझा अर्ज कचऱ्यात जाईल."

"जाऊ दे."

त्यांच्या फायलीतून माझे कागद मी स्वतः काढून घेतले. मुलांना सांगितलं, यांच्या मुलीच्या निबंधातली बाई माझी आई आहे आणि ती विधवा आहे. सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

अर्ज पत्राशिवाय पाठवला. निबंधाच्या शेवटी आईचं पूर्ण नाव घातलं. नकार आला. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण सरांच्या सहीनं मिळालेली जागा आईला कोणत्या तोंडानं सांगितली असती?

मी लिहिते. आईचं कपाळ आहे तसं लिहिते. ज्याला बघवत नाही त्यानं डोळे मिटावेत. तिला रंगवायला पुन्हा कोणी हात पुढे केला, तर तो हात मी चारचौघांत धरीन.